नानांचं इंग्रजी जहाज

आधीच सांगून टाकतो की लिहिणं हा माझा प्रांत नाही. आपल्या आयुष्याबद्दल मोठ्या माणसांनी लिहावं. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आणि तोही असा की मागच्या बाकावरची मुलं खुशाल डुलक्या घेत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पुस्तक ही आमच्याकडे नेहमी दुसऱ्याची वस्तू असे, खाकी कव्हर घालून सांभाळायची आणि मुदतीआधी परत करायची. तेव्हा आपणच एखाद्या पुस्तकासाठी प्रकरण लिहायला बसावं, हे मला अजून जरा आगाऊपणाचं वाटतं. तरी बसलो आहे, कारण ते जहाज डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता फार उरली नाहीत, आणि जी उरली आहेत ती दर खेपेला त्याची लांबी हातभर वाढवून सांगतात. माझंही कुठे वाढलं, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही इंदूरला बडा गणपतीजवळच्या एका गल्लीत राहत होतो. दोन खोल्या, मागे फरशीचं अंगण, अंगणात नानांचं लाकूडकाम. नाना, म्हणजे माझे वडील, मिलच्या सुतार खात्यात मिस्त्री होते. मिलचं लाकूड मिलमध्ये राही, पण नानांचा हात घरी आल्यावरही थांबत नसे. कोणाचा पाट, कोणाचं पोळपाट, कोणाच्या देव्हाऱ्याचं दार असं काहीतरी चालूच असायचं. पहाटे भोंगा व्हायच्या आधी पटाशीला धार लावण्याचा आवाज यायचा आणि मागोमाग आईच्या कढईतला मोहरीचा. आमच्या पोह्यांत बडीशेप असते आणि वरून शेव, हे मला कॉलेजात नागपूरची मुलं भेटेपर्यंत जगभर असंच असतं असं वाटे. आई बऱ्हाणपूरकडची. तिचं मराठी वेगळं, नानांचं वेगळं, माझं आणि धाकट्या कुसुमचं तर गल्लीतलं, म्हणजे क्रियापद मराठी आणि बाकी सगळं हिंदी. "नाना, साबुन खतम झालाय" असं आम्ही बिनदिक्कत म्हणत असू. नाना फार बोलत नसत. काम आवडलं तर त्यावरून अंगठा फिरवत, नाही आवडलं तर तोच अंगठा दाबून ठेवत. माझ्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर त्यांनी अंगठा फिरवला होता, ते मी विसरलेलो नाही.

इंदूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी झांकीबद्दल सांगायला हवं. अनंत चतुर्दशीला इथल्या मिलचे कामगार गणपतीबरोबर मोठमोठे देखावे ट्रॉलीवर चढवून शहरातून मिरवतात. ट्रॉलीवर राम चालतो, हनुमान उडतो, राक्षसाचे डोळे फिरतात. सगळं मोटरवर, सगळं कामगारांनी पाळी संपल्यावर केलेलं. त्याला झांकी म्हणतात. राजवाड्यासमोर मंचावर परीक्षक बसतात आणि नंबर काढतात. आमच्या मिलमध्ये आणखी एक रीत होती. ज्या मिस्त्रीचं नोकरीचं शेवटचं वर्ष असेल, त्या वर्षीची एक झांकी त्याच्या मनाची आणि त्याच्या हातची निघायची. नानांनी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या रामाला धनुष्य आणि दुसऱ्यांच्या रावणाला तोंडं करून दिली होती. ते वर्ष त्यांचं होतं. त्यानंतर दुसरं मिळणार नव्हतं.

जेवताना त्यांनी मला विचारलं, "तू कॉलेजात शिकतो. असं काही सांग जे कुणी काढलं नाही."

मी घाबरलोच. नानांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. त्याच सुमारास आमच्या इतिहासाच्या सरांनी वर्गात वाचायला मला एक विषय दिला होता: इंग्रज त्यांची जुनी शिडाची लढाऊ जहाजं कशी बांधत. सर महाराष्ट्रातून नवीनच आले होते. म्हणाले, "तुझे वडील सुतार ना? मग हे तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल." ग्रंथालयातलं त्यावरचं पुस्तक विटेएवढं जाड. माझं इंग्रजी इतकं कच्चं की एका पानाला एक संध्याकाळ जायची आणि निम्मे शब्द डिक्शनरीतही नसत. पण त्यात चित्रं होती. जहाजाचा कणा आधी जमिनीवर मांडलेला, मग त्याला दोन्हीकडून बरगड्या, मग वरून फळ्यांचं कातडं, अगदी जनावर उलट्या क्रमाने तयार व्हावं तसं. फळ्या खिळ्यांपेक्षा जास्त लाकडी मेखांनी ठोकलेल्या. फटींत जुन्या दोरांचा भुगा कोंबून वरून डांबर. हे सगळं मी नानांना त्या रात्री जेवणाच्या पाटावरच सांगत सुटलो. भात निवला. कुसुम म्हणाली, "दादा, इथे ना समुंदर ना तालाब, जहाज चालवणार कुठे, सराफ्यात?"

नाना हसले नाहीत. म्हणाले, "आणि त्यात आपलं काय?"

त्याचंही उत्तर माझ्याकडे होतं, कारण सरांनी तेही सांगितलं होतं. कोकणातल्या मराठी आरमाराच्या लहान होड्या अशा मोठ्या इंग्रजी जहाजांना घेरत आणि कधीकधी पकडतही. देखावा असा करायचा: मधे भलंमोठं लढाऊ जहाज लाटांवर डुलतंय, दोन बाजूंना आपल्या दोन होड्या, आणि मंचासमोर आल्यावर इंग्रजाचा झेंडा खाली. नानांनी पाटाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

झांकी समितीचे सेक्रेटरी तिवारीजी विणाई खात्यातले. माणूस वाईट नव्हता, पण समुद्रमंथनाच्या झांकीवर त्यांचा जीव होता. तिचे देव, दानव, वासुकी सगळं गोदामात तयार पडलेलं असे. ते नानांना म्हणाले, "मिस्त्री, दुश्मन का जहाज है और आप दुल्हन जैसा सजाने की सोच रहे हो?"

"पंडितजी, दुश्मन मरियल दिखा, तो अपनेवालों ने जीता क्या?" नाना म्हणाले.

तिवारीजींनी परवानगी दिली. समुद्रमंथन मात्र झाडून-पुसून तयार ठेवायला सांगितलं.

पुस्तकात एक गोष्ट होती जी मला फार आवडली होती. इंग्लंडात जहाजासाठी ओकचं लाकूड लागे, आणि राजाची माणसं जंगलात हिंडून सरळ झाडांइतकीच वाकडी झाडंही हेरून ठेवत. बरगडीला जी कमान हवी, ती झाडाच्या अंगातच असेल तर लाकूड मजबूत राहतं. सरळ लाकूड कापून वळण काढलं तर रेषा तुटतात आणि तिथेच ते चिरतं. नानांना हे पुन्हा सांगावं लागलं नाही. रविवारी आम्ही दोघं बसने सांवेरकडे गेलो. सोयाबीन गुडघाभर होतं, बांधांवर बाभळी. नाना बाभळीच्या बुंध्याकडे बघतच नव्हते, फांद्यांचे कोपर बघत होते, आणि हाताने हवेत कमान काढत होते. ज्याच्या बांधावर आम्ही उभे होतो तो शेतकरी मोटरसायकल थांबवून बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "इनी वाकी लाकड़ी को कई करोगा?"

"जहाज," मी म्हणालो.

तो नानांकडे वळला आणि काळजीने म्हणाला, "छोरा की तबियत तो ठीक हे?"

नाना हसायला लागले. मी त्यांना मोठ्याने हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं असेन. लाकूड त्याने तसंच दिलं; म्हणाला, चुलीतच जाणार होतं. ट्रॅक्टर इंदूरला येणारच होता, त्यावर टाकून दिलं. आजही मी मुलाच्या गाडीतून त्या रस्त्याने जातो तेव्हा माझी नजर आपोआप झाडांच्या वाकड्या फांद्यांवर जाते. नातवाला वाटतं आजोबा पक्षी शोधतायत.

मग माशाची गोष्ट. पुस्तकात एका जुन्या इंग्रज मिस्त्रीचं चित्र होतं: कागदावर जहाजाचं पोट काढलेलं, आणि त्या पोटात नीट बसवलेला एक मासा. पुढून गोल डोकं, मागे निमुळती शेपूट. जहाजाचा आकारही तसाच हवा, म्हणजे पाणी कापून मागे सुरळीत सोडलं जातं. त्याआधी मिस्त्री नजरेच्या अंदाजाने जहाज बांधत. त्या मिस्त्रीच्या काळात काहींनी परकार घेऊन कागदावर कमानी काढायला सुरुवात केली होती. मी हे सांगितलं तेव्हा नाना म्हणाले, "म्हणजे तेव्हा कॉलेजवाला अन् मिस्त्री एकच माणूस होता." आणि मग म्हणाले, मासा आणावा लागेल. चित्रातला चपटा आहे, मला जाडी कळत नाही.

श्रावण चालू होता. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती हातात उलथनं घेऊनच. "श्रावणात? माझ्या अंगणात मासळी?"

"खायची नाही, मापायची आहे," नाना म्हणाले.

"देवाला हे तुम्ही समजावून सांगाल की मी सांगू?"

शेवटी तोड निघाली ती हमीदभाईंमुळे. हमीदभाई मिलमध्ये फिटर, झांकीच्या मोटरी त्यांच्याकडे, आणि नानांचे जुने दोस्त. त्यांनी एक चांगला जाडजूड रोहू आणला, अंगणाच्या बाहेर, नळापलीकडे फळी टाकून त्यावर ठेवला, आणि नाना टेप घेऊन त्याच्याभोवती बसले. डोक्यापासून किती बोटांवर सगळ्यात जाड, कुठून उतार, शेपटीशी किती. मी कागदावर लिहून घेत होतो. गल्लीतली पोरं जमली. शेजारच्या काकू पदर नाकाला लावून खिडकीत उभ्या, पण खिडकी काही बंद करेनात. हमीदभाई ताटकळून म्हणाले, "मिस्त्री, ज़रा जल्दी नापो, घर पर मसाला पिसा पड़ा है. ये दर्ज़ी भी इतना नाप नहीं लेता." मोजमाप झालं, मासा हमीदभाईंच्या घरी गेला, आणि आईने नळापर्यंत गोमूत्र शिंपडलं. तो आकार मात्र जहाजाला लाभला. पुढून भरदार, मागे निमुळतं. मिलच्या शेडमध्ये कणा मांडून बरगड्या उभ्या केल्या तेव्हा विणकर जेवायच्या सुट्टीत येऊन त्यावर हात फिरवून जात.

पुढचे दिवस मला एकाच लांबलचक दिवसासारखे आठवतात. सकाळी कॉलेज, दुपारनंतर शेड. आगीवर धरून, ओल्या गोणपाटाने शेकत फळ्या वाकवायच्या, दोघांनी दाबायच्या, तिसऱ्याने मेख ठोकायची. फटींत दोरांच्या भुग्याऐवजी आम्ही मिलचं वेस्ट कोंबलं, म्हणजे सुतानंतर उरणारा कापसाचा कचरा. मिलच्याच लठ्ठ्याची, म्हणजे जाड सुती कापडाची, शिडं आई मशीनवर शिवत होती. कापड खोलीत मावेना, तेव्हा कुसुम त्याचं दुसरं टोक धरून अंगणात उभी राहायची आणि ओरडायची, "आई, हळू! मी मशीनमध्ये येईन!" आई मान वर न करता म्हणायची, "येशील तर शिवून टाकीन, सासरी तरी नीट जाशील."

आणि वरचा थाट. त्या काळच्या इंग्रजी जहाजांच्या पिछाडीला कोरीव सज्जे असत, सोनेरी रंगाचे, खिडक्या, वेली, सिंह. राजांना ते फार प्रिय. नानांनी पिछाडी अस्सल सागवानात कोरली. लोकांना दोन्ही फुटपाथांवरून दिसायला हवं म्हणून तोफांच्या रांगा एकावर एक घेतल्या, तोफा भरीव लाकडाच्या. डोलकाठ्या उंच. सिंहाची आयाळ करायला नानांना तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत त्यांच्याशी कोणी बोललं नाही. खाली मात्र, जिथे कापडाच्या लाटा येणार होत्या, तिथे बरगड्या कण्यापर्यंत न नेता त्यांची टोकं बांबूच्या कामट्यांनी बांधून सोडली होती. त्यात कुणाचा आळस नव्हता. झांकीचं काम असंच करतात. लक्ष्मणाला पाठ नसते, हत्तीला पोट नसतं; जे दिसणार नाही ते कोणी करत नाही, आणि लाकूडही वाचतं. नाना आयुष्यभर तसंच करत आले होते, आणि मी पुस्तकात वाचलं होतं तरी मला वेगळं काही सुचलं नव्हतं. आमचं जहाज पाण्यात थोडंच उतरणार होतं!

शनिवारी पाळी सुटल्यावर चाचणी ठेवली. ट्रॉलीवर दोन खांब, त्यांत लोखंडी आस, आसावर जहाज. हमीदभाईंची मोटर दांड्याने ते या बाजूला, त्या बाजूला डुलवणार. सगळी खाती जमली होती. टेकू काढले. जहाज क्षणभर सरळ उभं राहिलं, सुंदर दिसलं, आणि मग सावकाश, एखादा दमलेला माणूस कुशीवर वळावा तसं उजवीकडे कललं. हमीदभाईंनी मोटर चालू केली. ती नुसतीच गुरगुरली, दांडा थरथरला, जहाज वर येईना. उलट आणखी कललं, डोलकाठी शेडच्या पत्र्यावर आपटली आणि सज्ज्याचा कोपरा तुटून खाली पडला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "लो भिया, मंच से पहले ही झुक गया अंग्रेज!"

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण नाना तुटलेला कोपरा उचलायला वाकले होते, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

तिथेच, जहाजाच्या सावलीत, समितीची बैठक झाली. तिवारीजी म्हणाले, आता दिवस उरले नाहीत. सोमवारी संध्याकाळपर्यंत हे सरळ उभं राहून डुललं तर ठीक, नाही तर समुद्रमंथन निघेल. "आपका नाम उस पर भी लिख देंगे, मिस्त्री," ते म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की यात नानांचा मान राहील. इतर जण उपाय सांगू लागले. वरच्या तोफा काढा. सज्जा काढा, पुठ्ठ्याचा लावा. डोलकाठ्या अर्ध्या करा. प्रत्येक सूचनेला नाना मान हलवत होते, हो म्हणून. त्यांनी सिंहाकडे पाहिलंही नाही.

मी भरल्या बैठकीत त्याआधी कधी बोललो नव्हतो. कॉलेजातही हजेरीशिवाय माझा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. पण मला ते पान आठवत होतं. एका इंग्रज राजाचं लाडकं जहाज त्याच्या डोळ्यांदेखत, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, लढाईला निघता निघता कललं, आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरून बुडालं. वर तोफा वाढवत नेल्या की जहाजं अशी डळमळीत होतात हे ते लोक हळूहळू शिकले. आणि त्यासाठीच जहाजाच्या तळाशी, जिथे कोणी बघत नाही, तिथे ते गोटे भरत.

"ऊपर का मत हटाइए," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की पुन्हा म्हणावं लागलं. "ऊपर का रहने दीजिए. नीचे का बनाइए."

"नीचे का कौन देखेगा?" तिवारीजी म्हणाले. "नीचे तो कपड़े की लहरें हैं."

"देखेगा कोई नहीं. जहाज को लगेगा. अभी उसका सारा वजन आस के ऊपर है, तो वो गिरेगा ही. नीचे पेट बनाकर उसमें वजन रखो, तो अपने आप सीधा होगा." मग मला जे सुचलं ते मी हाताने दाखवलं, झोपाळा कसा परत येतो तसं.

"लड़का ठीक बोल रहा है," हमीदभाई म्हणाले. "मेरी मोटर कब से रो रही है. झूला बना दो, तो मैं पंखे की मोटर से झुला दूँ."

सगळे नानांकडे बघायला लागले. नाना माझ्याकडे बघत होते. माझ्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी काय काय केलं होतं ते मला माहीत होतं. त्या क्षणी मला वाटलं, हे चुकलं तर मी त्यांची एकुलती एक झांकी बुडवली. ते उठले, शर्टाला हात पुसले आणि म्हणाले, "तो म्हणतो तसं करा." मराठीत म्हणाले. पण तिवारीजींनाही कळलं.

रविवारी मिल बंद होती, शेड मात्र उघडी. सांवेरच्या वाकड्या लाकडातलं उरलेलं सगळं खाली लागलं. बांबूच्या कामट्या काढून नानांनी बरगड्या पूर्ण केल्या, कण्यापर्यंत, आणि त्यावर फळ्या. एकही फळी दिसणार नव्हती आणि एकही फळी त्यांनी रंधा मारल्याशिवाय लावली नाही. मी म्हणालो, नाना, एवढं कशाला? ते म्हणाले, "अर्धं जहाज कसं असेल रे?" वजनासाठी आम्ही गिट्टी आणायला निघालो होतो, तर तिवारीजी समोरून आले. पायजमा धुळीने माखलेला. त्यांच्या खात्यात मोडीत काढलेल्या लूमची बिडाची वजनं पडलेली होती, विणताना ताणा घट्ट राहावा म्हणून टांगतात ती. "ले जाओ," ते म्हणाले. "पत्थर बजते रहेंगे अंदर. ये नहीं बजेंगे." आणि स्वतःच एक वजन छातीशी धरून शेडकडे चालू लागले. विणकरांची रांग लागली. हातोहात वजनं जहाजाच्या पोटात गेली, आणि नानांनी फळ्यांचे कप्पे करून ती अशी बसवली की एकही सरकू नये.

सोमवारी टेकू काढले. जहाज डावीकडे गेलं, थांबलं, आणि परत आलं. उजवीकडे गेलं, परत आलं. मोटर लावण्याआधीच. शेडमध्ये कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते डोळ्यांनी त्याच्याबरोबर इकडून तिकडे होत होते. नानांनी खालच्या फळीवरून अंगठा फिरवला, जिथे आता कापड येणार होतं.

शेवटचा एक प्रश्न राहिला, झेंड्याचा. तो मंचासमोर उतरवायला आत माणूस हवा होता, आणि त्याच वेळी तोफांच्या खिडक्यांची झाकणं दोरीने उघडायची होती. आत मावण्याइतका बारीक मीच होतो. अनंत चतुर्दशीला संध्याकाळी मला जहाजाच्या पोटात, लूमच्या वजनांवर गोणपाट टाकून बसवलं, आईने पुडीत पोळी-भाजी दिली, आणि वरून झडप लागली. त्यामुळे जी मिरवणूक लाखो लोकांनी पाहिली तिच्यातलं मी जवळजवळ काहीच पाहिलं नाही. तोफेच्या खिडकीच्या झाकणाच्या फटीतून मला फुगे दिसले, गच्च्यांवरचे पाय दिसले, बापाच्या खांद्यावरची एक मुलगी दिसली जी आमच्या सिंहाला वेडावायला जीभ काढत होती. बाकी सगळा आवाज: ढोल, ताशे, आखाड्यांचे पट्टे, आणि माझ्या पाठीशी लाकडाची करकर. पुस्तकात लिहिलं होतं की लाकडी जहाज सतत बोलत असतं. त्या लेखकाने कधी तरी जहाजात रात्र काढली असणार, असं मला तेव्हा वाटलं.

राजवाड्याच्या वळणावर ट्रॉलीचं चाक खड्ड्यात गेलं. जहाज कललं, नेहमीच्या डुलण्यापेक्षा खूप जास्त, मी एका बाजूला घसरलो, आणि वर कुठेतरी मोठी आरोळी उठली. खालचं बिडाचं ओझं हललं नाही. जहाज तिथे थांबलं, विचार केल्यासारखं, आणि सरळ झालं. लगेचच बाहेरून ठरलेली शिट्टी आली. मंच आला होता. मी झाकणांची दोरी ओढली, धडाधड खिडक्या उघडल्या. मग झेंड्याची दोरी ओढली. ती एकदम सैल होऊन माझ्या हातात आली.

झेंडा खाली आला म्हणून सैल झाली, की वरच तुटली? आतून कळायला मार्ग नव्हता. मी हाका मारल्या. हमीदभाई मोटरपाशी कापडाखाली होते, ढोलांत त्यांना काही ऐकू गेलं नाही. नाना पुढे बांबूने विजेच्या तारा उचलून धरत चालत होते. लोक ओरडत होते, पण इंदूरचे लोक त्या दिवशी सगळ्याच गोष्टींना ओरडतात. ट्रॉली पुढे सरकली. माझ्या हातात दोरी होती आणि मनात एकच चित्र: सगळ्या शहरासमोर आपल्या होड्या जिंकल्यात आणि इंग्रजाचा झेंडा वर तसाच फडकतोय, आणि खाली पाटीवर नानांचं नाव. पुढचा रस्ता मी त्या दोरीकडे बघत काढला. कधी झोप लागली ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा जहाज हलत नव्हतं. खिडक्यांतून ऊन आत आलं होतं आणि धूळ त्यात तरंगत होती. मिलची शेड. बाहेर माणसांची कुजबुज होती, मुद्दाम हळू बोलल्यासारखी. मग एका तोफेच्या खिडकीत कुसुमचं तोंड आलं, केस विस्कटलेले, डोळे जागरणाने लाल.

"उठ ना, दादा! नाना कुणाला हातोडीसुद्धा उचलू देत नाहीयेत, म्हणे तू झोपलाय."

"झेंडा?" मी म्हणालो. दोरी अजून हातात होती.

"कसला झेंडा? उतरला की! मंचाच्या बरोबर समोर. आई तर तिथेच रडायला लागली. जहाज झुकलं ना, तर सगळ्यांना वाटलं हार मानायला मुद्दाम झुकवलं. दुसरा नंबर आलाय आपला. तिवारीजी सगळ्या गेटवर सांगत फिरतायत की पहिलाच होता." ती जरा थांबली, मागे वळून पाहिलं आणि खिडकीत आणखी आत वाकली. "आणि सुन, पहिल्या नंबरवाल्या मिलचे मिस्त्री आलेत, चार-पाच जण. कापड उचलून जहाजाच्या खाली बघतायत, अर्धा तास झाला. नानांना विचारतायत कसं केलं, तर नाना म्हणाले, थांबा, माझा मुलगा उठू द्या, तो सांगेल."